उकिरड्याचे पांग

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडे आणि कुंपणाच्या भिंतीपासून हातभर अलीकडे त्याचा मुक्काम असतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, तिचा तीनेक फूट व्यासाचा गोल, चार बांबूंना सुतळीने बांधलेला. एवढंच घर. माघ संपता संपता तो छातीपर्यंत येतो, मृग लागेपर्यंत गुडघ्यावर उतरतो आणि दिवाळीला जाळीत वाकून बघावं लागतं, आहे की गेला. नाव काही ठेवलेलं नाही. घरात नुसतं ‘ढीग’ म्हणतात. शेजारचे काका ‘तुमचा उकिरडा’ म्हणतात, आणि सूर असा लावतात की एखाद्याच्या वाया गेलेल्या मुलाची चौकशी चालली आहे असं वाटावं.

पुण्यात वसंताची वर्दी पहिल्यांदा खराट्याला लागते. पौष सरताना देशी बदामाची पानं तांबडी व्हायला लागतात आणि बघता बघता झाड मोकळं होतं. त्याच्या मागोमाग शिरीष. त्याच्या वाळक्या शेंगा वर खुळखुळत राहतात, पाला मात्र केव्हाच खाली आलेला असतो. फाल्गुनात कडुनिंब आणि पिंपळ. कोपऱ्यावरच्या कैलासपतीला तर वेळापत्रकच नाही. मनात आलं की आठवड्यात सगळं उतरवून ठेवतो आणि लगोलग पुन्हा हिरवा. या दिवसांत गल्लीतलं प्रत्येक माणूस झाडून झाडून कावलेलं असतं. खुशीत असतो तो एकटा ढीग. सकाळी पाटीभर, संध्याकाळी पाटीभर, रविवारी पोती.

दिलं ते खातो असं बाहेरून वाटतं, पण खाण्यात तो चांगलाच चोखंदळ आहे. सुबाभूळ, शेवगा, शिरीष, गुलमोहर यांचा बारीक पाला त्याच्या आवडीचा. तो कुठे गेला ते कळतही नाही. कडुनिंबाला ना नाही. बदामाचं पान चालतं, पण चुरून घातलेलं. अख्खी घातली तर ती रुंद पानं एकावर एक बसून थर धरतात, त्यातून हवा जात नाही, पाणी जात नाही, आणि ऐन श्रावणात उकरलं तरी मधली पानं कोरडी ठणठणीत निघतात. आंबा आणि फणस म्हणजे चिवट प्रकरण. बांबूला आणि निलगिरीला तो महिनोन् महिने तोंड लावत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती झाडांनी करून ठेवलेली. झाडं मोठी हिशेबी. पान टाकायच्या आधी त्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद ती परत आत ओढून घेतात आणि मगच पान सोडतात. आपल्या अंगणात येतो तो मुख्यतः कर्ब. नुसत्या वाळक्या पानांवर ठेवला तर ढीग बिचारा तक्रार करत नाही. बुरशीच्या संगतीत, थंड डोक्याने, वर्षभर काम करत बसतो. घाई आपल्याला असेल तर त्याला हिरवं द्यावं लागतं. कापलेलं गवत, मेथीची देठं, निर्माल्यातली झेंडू-शेवंती, ओंजळभर शेण, फ्रिजमध्ये विसरलेलं आंबट ताक. शास्त्र सांगतं की कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण 30 ला 1 असावं. आमच्याकडे तराजू नाही. तीन पाट्या वाळकं आणि एक पाटी ओलं, असा स्वयंपाकघरी अंदाज आहे आणि तो चालतो. ओल किती हवी याचीही परीक्षा हातानेच. आतला मूठभर पाला पिळायचा. हात ओला झाला पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये.

जेवण जमलं की त्याचं अंग तापतं. याची खूण पाहायला आम्ही एक लोखंडी सळई त्याच्या पोटात खुपसून ठेवली आहे. उपसून तिचं टोक तळहातावर घ्यायचं. कोमट लागलं तर बरं चाललंय. झटक्यात हात मागे घ्यावा लागला तर फार उत्तम. पोटात 55 ते 60 अंशांपर्यंत उष्णता चढली की तणांचं बी तिथल्या तिथे मरतं. माघातल्या गार सकाळी जाळीच्या वरच्या अंगाने वाफ निघताना दिसते. दूधवाल्याने ती पाहून ‘आग लागलीय’ म्हणून बेल वाजवली होती. कडेला मात्र तो थंडच असतो, म्हणून कडेचं बी वाचतं, आणि आषाढात जाळीच्या भोकांतून कोणी न लावलेले टोमॅटो बाहेर डोकावतात.

याच्या घराण्याचा इतिहास बघायचा तर इंदूरला जावं लागतं. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारातल्या पुसा इथे सरकारी नोकरीत आला आणि 1924 पासून 1931 पर्यंत होळकरांच्या इंदुरात संशोधन करत होता. शिकवायला आलेला माणूस इथल्या शेतकऱ्यांकडे बघून स्वतःच शिकला, ही त्याची मोठी गोष्ट. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. तीनेक महिन्यांत खत. जगभरचे सेंद्रिय बागवाले हिला ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतात. 1931 मध्ये या कामावर जे पुस्तक निघालं त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे हॉवर्डचे पुतळे व्हायचे तेवढे राहिले आणि वाड संदर्भसूचीत जाऊन बसले. निदान आपल्याकडे तरी खताची पाटी उचलताना वाडांचं नाव घ्यायला हरकत नाही.

पण खत हा ढिगाचा जोडधंदा आहे, असं माझं हळूहळू मत झालंय. त्याचा खरा धंदा खानावळीचा.

सकाळी नऊच्या सुमाराला सातभाई येतात. सात असतातच असं नाही; कधी पाच, कधी नऊ. आल्याबरोबर भांडण. एकजण भिंतीवर बसून राखण करतो आणि बाकीचे आत उतरतात. प्रत्येकाची पद्धत एकच: पान चोचीत धरायचं, मान झटकून बाजूला भिरकावायचं, खाली काय सापडतं ते बघायचं, पुढचं पान. ते उठून गेले की पाव ढीग धुण्याच्या दगडावर पसरलेला असतो. दयाळाचं वागणं याच्या उलट. फाल्गुन लागला की नर पहाटेपासून बांबूच्या टोकावर बसून गातो, मध्येच शेपूट उभारून खाली उतरतो, एक किडा उचलतो आणि परत आपल्या जागी. भारद्वाज आठवड्यातून एखाद्या दिवशी, तोही चालत येतो. लाल डोळ्याने इकडेतिकडे पाहतो, गोगलगाय उचलतो आणि शेवग्यामागे निघून जातो. त्याचं दर्शन शुभ, म्हणून त्या दिवशी घरातली लाकूडतोंडी माणसंही ढिगाबद्दल बरं बोलतात.

रात्रपाळीची गिऱ्हाइकं वेगळी. उन्हं उतरली की वाळक्या पानांवरून एक वाळकं पान उडतं आणि दोन हातांवर जाऊन पुन्हा वाळकं पान होतं. ते ईव्हनिंग ब्राउन नावाचं फुलपाखरू. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली ठसठशीत डोळे उमटलेले असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेली पिढी ते जवळजवळ पुसून टाकते आणि पाचोळ्यात बेमालूम मिसळते. खालच्या ओलसर थरात भेक उन्हाळा काढतो. पैसे असतात, म्हणजे हात लावला की गुंडाळी करणारे किडे, ते पान कुरतडून बारीक करतात. गांडुळं ते पुढे नेतात. डार्विनने आयुष्याच्या शेवटी, 1881 मध्ये, एक अख्खं पुस्तक या गांडुळांच्या कामावर लिहिलं, यात ढिगाला काही विशेष वाटणार नाही. त्याला ते रोजचंच आहे.

सापसुरळीची मात्र बाजू घ्यावी लागते. दुपारी ती जाळीच्या उन्हाकडच्या कडेला येऊन पडते. तांबूस तपकिरी, गुळगुळीत, तेल लावल्यागत अंग चकाकतं. सावली पडली की सरसर आत, आणि थोड्या वेळाने नुसतं डोकं बाहेर. तिच्या विषाच्या कथा आपल्याकडे घरोघर आहेत आणि त्या पायी हकनाक कितीतरी मारल्या जातात. तिला विष अजिबात नाही. झुरळं, नाकतोडे, कोळी एवढाच तिचा आहार.

फाल्गुनात सगळ्यांत गमतीची भेट होते ती अळ्यांची. गेल्या वर्षीच्या ढिगाचं खत चाळायला काढलं की तळातून करंगळीएवढ्या जाड, पांढुरक्या, अर्धवर्तुळ करून पडलेल्या अळ्या निघतात. बघणारा ओरडतो, ‘हुमणी!’ आणि चप्पल काढतो. थांबावं. एक अळी उचलून फरशीवर ठेवावी आणि तिला मिनिटभर द्यावं. आधी ती तशीच वळून पडते. मग सरळ होते, कूस बदलते आणि चक्क पाठीवर उताणी होते. सहाही पाय आभाळाकडे, उपयोग शून्य, आणि पाठीच्या बारीक केसांनी रेटा देत, अंगातून लाटा सोडत, ती फरशीवरून सुसाट निघते. ही फुलांवर येणाऱ्या भुंग्यांची अळी. कुजलेलं खाते, चांगलं खत करते. तिला परत ढिगात सोडायचं. हुमणी अशी उताणी चालत नाही. ती मुळं खाणारी, ऊस-भुईमुगाचं वाटोळं करणारी. आणि तिसरीही एक मंडळी आहे, गेंड्या भुंग्याची अळी, यांच्याहून थोराड. ती वाढते खताच्या खड्ड्यातच, पण तिचा भुंगा नारळाचा कोवळा शेंडा पोखरतो, आणि मग उमलणाऱ्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या निघतात. कोकणात म्हणूनच शेणखताचा खड्डा वरचेवर उपसून अळ्या वेचतात. सगळ्याच पाहुण्यांवर प्रेम करायला ढीग मोकळा आहे, आपण नाही. उताणी न चालणाऱ्या अळ्या मी भिंतीवर ठेवते आणि सातभाईंची वाट बघते.

एक पाहुणा असा आहे की त्याच्या बाबतीत भाबडेपणा परवडत नाही. घोणस. पाचोळ्याच्या रंगाची, पाचोळ्यात पडून राहणारी, आणि जहाल विषारी. म्हणून ढीग घराच्या भिंतीला टेकून करायचा नाही, त्याच्या आसपास विटा-फळ्या रचायच्या नाहीत, खरकटं-पोळी टाकून उंदरांना आमंत्रण द्यायचं नाही. हात घालायच्या आधी काठीने आवाज करायचा, पायात बूट, अंधारात बॅटरी. कुकरच्या शिट्टीआधी होतो तसा लांब फूत्कार ऐकू आला तर मुकाट्याने मागे सरायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.

घोणशीचं भय माणसाला असतं. ढिगाला भय असतं ते काडेपेटीचं. माघ-फाल्गुनात संध्याकाळी कुठल्याही वस्तीतून फिरा, कोपऱ्याकोपऱ्यावर पाला धुमसत असतो आणि कोणी तरी खोकत असतं. होळीच्या आठवड्यात तर सोसायटीच्या पोरांची नजर आमच्या जाळीवर असते. 2016 चे घनकचऱ्याचे नियम निघाले ते 8 एप्रिलला, त्या दिवशी नेमका गुढीपाडवा होता. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि जाळायचा नाही, असं त्यांत लिहिलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपयांचा दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 चा. काकाही पाला जाळायचे, त्यांना हे सांगून पाहिलं. ‘पानं म्हणजे कचरा नाही, असं तुम्हीच म्हणता ना?’ असं त्यांनी विचारलं. मुद्दा बिनतोड होता. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा एक उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पानं जास्त झालीत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची गाठ तो घालून देतो. पानांची अशी सोयरीक जुळवण्यात काकांना कायद्यापेक्षा जास्त रस वाटला.

सासूबाई राजापुराकडच्या. त्यांच्याकडे याला पातेरा म्हणतात आणि या दिवसांत काजू-आंब्याच्या बागेतून तो हाऱ्यांनी भरून आणायचं काम बायकांचं. त्या पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा मला वाटलं, धूर बघून काकांना चार शब्द सुनावतील. त्यांनी उलटच केलं. ‘अगो, आम्हीही जाळतो की. राब भाजायचा तर पातेरा नको?’ मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी काकांना विचारलं, ‘भाऊ, तुम्ही भात कुठे पेरणार?’ कोकणात भाताच्या रोपांच्या जागेवर पाला, कवळं आणि शेण पसरून भाजतात; तणाचं बी जळतं, राख त्याच मातीत राहते आणि पावसाला त्यावर रोप तयार होतं. ते बरं की वाईट यावर शेतीवाल्यांत वाद आहेत. पण गल्लीतल्या डांबरावर पेटवलेल्या बदामाच्या पानांना तोही बचाव नाही.

चैत्रात बागेची म्हणून जी कामं असतात त्यांतली निम्मी ढिगाच्या जिवावर होतात. मोगऱ्याची छाटणी माघात उरकलेली असते, आता कळ्या धरतात, तेव्हा बुंध्याशी दोन ओंजळी चाळलेलं खत. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसायचा. फवारा मारायचा नाही, कारण तो ढेकूण खाणारे ढालकिडे त्याच फांदीवर असतात. आळी मोकळी करून त्यांत दोन-तीन बोटं जाडीचं पाचोळ्याचं आच्छादन घालायचं, फक्त खोडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर साल कुजते. एवढं केलं की वैशाखात रोजचं पाणी एक दिवसाआड पुरतं. पाखरांसाठी पसरट परळ सावलीत ठेवायचं, मधमाश्यांना टेकायला त्यात एखादा खडबडीत दगड, आणि पाणी रोज ओतून नवीन भरायचं. डासाला आठवडा-दहा दिवस पुरतात. ढिगावरही रोज झारीभर शिंपडायचं.

आणि त्याला हलवायचं नाही. पुस्तकं सांगतात, दर पंधरवड्याला वरखाली करा. खत लवकर होतं. होऊ दे उशिरा. चैत्र-वैशाखात खालच्या थरात कोणाची अंडी असतात, कोणाची झोप चाललेली असते. फाल्गुनातली नीटनेटकी बाग, कोपरान् कोपरा झाडलेला, माती उघडी, कडेला रंगवलेल्या विटा, ही पाखराच्या दृष्टीने बंद पडलेली खानावळ असते. मे महिना सरताना नवरंग पक्षी दक्षिणेकडून येतात, प्रवासाने दमलेले, कधी कधी शहरातल्या एखाद्या अंगणात उतरतात. त्यांना हवा असतो दाट सावलीतला पाचोळा, उलथून किडे शोधायला. आमच्याकडे एकदा आला होता, दोन दिवस राहिला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, आखूड शेपूट. फोटो काढायला मी मोबाइल आणेपर्यंत शेवग्याखाली गडप.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्या ढिगाचे एका वर्षात फिटले, आणि तेही काकांच्या हातून. कचऱ्याच्या गाडीने त्यांची पाल्याची पोती घ्यायला नकार दिला. चारचौघांत जाळायची तर सोय राहिली नव्हती. मग एके रात्री एक पोतं भिंतीवरून अलगद आमच्या जाळीत उतरलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. याबद्दल आमच्यात आजतागायत एक शब्द झालेला नाही. फक्त काकांच्या पोत्यांत पानांबरोबर काकूंच्या देवघरातलं निर्माल्यही येतं, आणि घाईत सोडलेलं आणखी बरंच काही.

ढीग जे पचवत नाही ते जपून ठेवतो. यंदा खत चाळताना चाळणीत राहिलं ते असं: सफरचंदांवरचे स्टिकर, चहाच्या पिशव्यांच्या जाळ्या, राखीचा स्पंज, दोन कोयी (पैकी एक फुटलेली), उदबत्तीच्या काड्या आणि एक स्टीलची वाटी. वाटी घासली, तर काठाखाली टोचून नाव घातलेलं. काकूंचं, माहेरच्या आडनावासकट. मी ती भिंतीवरून दिली.

काकूंनी चष्मा लावून नाव वाचलं. ‘ही माझ्या रुखवतातली! सहा होत्या. चार घरात आहेत.’ मग आत वळून त्यांनी हाक मारली, ‘अहो, पायात बूट घाला आणि काठी घ्या. उकिरड्यात अजून एक आहे.’